प्रोबायोटिक्सची छोटी कंपनी : पैसे गुंतवण्यापूर्वी काय पाहावे?

गुंतवणूकविषयक प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे. माझ्या भाच्याच्या ओळखीतून पुणे जिल्ह्यातील एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने तिचे शेअर घेण्याविषयी मला विचारले आहे. ही कंपनी प्रोबायोटिक्सचे, म्हणजे पोटाला उपकारक मानल्या जाणाऱ्या जिवंत जिवाणूंचे, सॅशे आणि कॅप्सूल, तसेच कोंबडीखाद्यात मिसळण्याची पावडर तयार करते. पोटाच्या आरोग्याची बाजारपेठ झपाट्याने वाढते आहे, तीन वर्षांत आयपीओ, म्हणजे सर्वांसाठी खुली शेअरविक्री, येईल आणि आजचा भाव तेव्हा कितीतरी पटींनी वाढलेला असेल, असे प्रवर्तक सांगतात. ग्रॅच्युइटीच्या रकमेतून आठ लाख रुपये गुंतवावेत असा विचार आहे. कंपनीची माहितीपुस्तिका आणि सॅशेचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. अशा कंपनीचे भवितव्य कसे जोखावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण पाठवलेली पुस्तिका आणि छायाचित्र, दोन्ही मी बारकाईने पाहिले. पुस्तिकेची बहुतेक पाने जगभरातील बाजारपेठ किती वाढणार यावर खर्ची पडली आहेत आणि कंपनी स्वतः कोणता जिवाणू वापरते याविषयी जेमतेम एक परिच्छेद आहे. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. बाजारपेठ वाढली म्हणजे तिच्यातील प्रत्येक कंपनीचा नफा वाढतो असे नाही. या धंद्यात तर ते फार क्वचित घडते, कारण सर्वसाधारण प्रोबायोटिक जिवाणूंची पावडर आज किलोच्या भावाने विकत मिळते, ती सॅशेत किंवा कॅप्सूलमध्ये भरून देणारे कारखाने पुष्कळ आहेत आणि औषधाच्या दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या चार कंपन्यांच्या मालात ग्राहकाला काही फरक दिसत नाही. ज्या कंपनीकडे स्वतःचा, क्रमांकाने ओळखला जाणारा जिवाणू आहे, त्याच जिवाणूवर झालेल्या वैद्यकीय चाचण्या आहेत आणि त्या पुराव्यासाठी चार पैसे जास्त मोजणारे ग्राहक आहेत, तिलाच आपला भाव टिकवता येतो. बाकीच्यांच्या पदरात भरणावळीच्या मजुरीपेक्षा फारसे काही पडत नाही. आपल्यापुढे आलेली कंपनी या दोहोंपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरवावे लागेल.

प्रोबायोटिक जिवाणूची ओळख केवळ प्रजातीच्या नावाने पुरी होत नाही. एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, शरीरात वेगवेगळे परिणाम करू शकतात. ओडिशाच्या ग्रामीण भागात डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4,556 नवजात बालकांवर केलेली चाचणी 2017 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लॅक्टोबॅसिलस प्लान्टारमचा एक ठरावीक स्ट्रेन आणि सोबत एक विशिष्ट शर्करा दिलेल्या बालकांत सेप्सिस (शरीरभर पसरणारा जीवघेणा संसर्ग) किंवा मृत्यू यांचे प्रमाण 5.4 टक्के आढळले, तर जिवाणू नसलेली पावडर मिळालेल्या बालकांत ते 9 टक्के होते. भारतीय मातीत झालेले हे फार मोलाचे काम आहे. पण पुढच्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या, एक अमेरिकेतील आणि दुसरी कॅनडातील. जुलाब-उलट्यांनी आजारी पडलेल्या लहान मुलांना अनेक वर्षे बाजारात असलेले नामांकित स्ट्रेन देऊनही त्यांत फायदा दिसला नाही. म्हणजे ओडिशाचे श्रेय त्या स्ट्रेनचे, त्या वयाचे आणि त्या वापराचे आहे. ते दुसऱ्या कुणाच्या सॅशेला आपोआप लागू होत नाही. आपल्याकडील पुस्तिकेत 'भारतीय बालकांवर सिद्ध झालेले प्रोबायोटिक' असे वाक्य आहे आणि त्यापुढे कोणत्याही स्ट्रेनचा क्रमांक नाही. ही चाचणी या कंपनीच्या जिवाणूवर झाली होती का, हा प्रश्न आपण प्रवर्तकांना लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी मागावे.

सॅशेच्या मागच्या बाजूला काय छापले आहे ते आपण भिंग घेऊन पुन्हा वाचावे अशी विनंती आहे. तिथे लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस हे नाव आहे, त्यापुढे '2 अब्ज सीएफयू' म्हणजे जिवंत जिवाणूंची संख्या आहे, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत 'उत्पादनाच्या वेळी' असे शब्द आहेत. मुदत अठरा महिन्यांची दिली आहे. हा जिवाणू उष्णतेला आणि दमटपणाला नाजूक असतो. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामातून, मग टेम्पोतून आणि शेवटी दुकानाच्या फळीवरून फिरून आल्यानंतर, सतराव्या महिन्यात त्या सॅशेत किती जिवाणू जिवंत उरतात, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आपल्याकडील अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. चांगली कंपनी मुदतीच्या अखेरीस हमखास मिळणारी संख्या छापते आणि ती भरून निघावी म्हणून सुरुवातीलाच जास्त जिवाणू घालते. त्याचा खर्च तिच्या हिशेबात दिसतो. तेव्हा साध्या तापमानाला ठेवलेल्या मालाचा स्थिरता अहवाल, शक्यतो बाहेरच्या प्रयोगशाळेचा, मागून घ्यावा. याकुल्ट या प्रोबायोटिक पेयाच्या 65 मिलिलिटरच्या बाटलीत 650 कोटी जिवंत जिवाणू असल्याचे सांगितले जाते, पण सोनीपतच्या कारखान्यापासून दुकानातील फ्रीजपर्यंत ती बाटली थंड ठेवावी लागते आणि तो भार मोठ्या कंपनीलाच झेपतो. छोट्या भारतीय कंपन्यांपैकी पुष्कळ जणी बॅसिलस कोॲग्युलन्ससारख्या बीजाणू (जिवाणूचे टणक, सुप्त रूप) धरणाऱ्या जिवाणूकडे वळतात, त्याचे कारण हेच आहे. बीजाणू उष्णता सोसतो. मात्र हा जिवाणू बनवणारे अनेक असल्यामुळे तिथे स्पर्धा भावाची असते आणि हैदराबाद-बंगळुरूकडच्या मुरलेल्या उत्पादकांनी आपापल्या क्रमांकित स्ट्रेनवर वर्षानुवर्षे अभ्यास करून घेतलेले आहेत.

हे सारे जमलेल्या कंपनीचे तरी पुढे काय होते, हे पाहण्यासाठी स्वीडनच्या प्रोबी या कंपनीकडे पाहावे. लुंड विद्यापीठातील संशोधकांच्या कामातून 1991 मध्ये ती उभी राहिली. लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम 299 व्ही हा तिचा स्ट्रेन जगभर अभ्यासला गेला, 1994 मध्ये तो घातलेले फळांचे पेय स्वीडनच्या बाजारात आले आणि पुढे कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. 2016 मध्ये तिने 10.5 कोटी डॉलर देऊन अमेरिकेतील एक उत्पादक कंपनी विकत घेतली आणि तिची विक्री एकदम वर गेली. 2017 मध्ये ही विक्री सुमारे 61 कोटी स्वीडिश क्रोना होती आणि 2023 मध्येही ती त्याच्याच आसपास होती. मधल्या काळात जगभर प्रोबायोटिक्सचा गाजावाजा वाढतच होता, तरी अमेरिकेतील मोजक्या मोठ्या ग्राहकांच्या मागणीबरोबर कंपनीचे आकडे वरखाली होत राहिले. अखेर बहुसंख्य हिस्सा आधीच हाती असलेल्या सिमराइज या जर्मन कंपनीने 2024 च्या डिसेंबरमध्ये उरलेल्या भागधारकांना शेअरमागे 350 क्रोना देऊ केले आणि पुढे प्रोबी बाजारातून बाहेर पडली. खरा स्ट्रेन, खऱ्या चाचण्या आणि तीस वर्षांची मेहनत असलेल्या कंपनीची ही गोष्ट आहे. अशा कंपनीतून भागधारकाला चांगला परतावा बहुधा तेव्हा मिळतो, जेव्हा एखादा मोठा उद्योग तिला विकत घेतो, आणि विकत घेणारा पैसे मोजतो ते स्ट्रेन आणि चाचण्या यांच्यासाठी. जिच्याकडे यांपैकी काहीच नाही, तिला 'तीन वर्षांत आयपीओ' हा एकच रस्ता सांगता येतो.

मालकीच्या बाबतीत गाफील राहू नये. व्हीएसएल थ्री हे आठ स्ट्रेनचे मिश्रण आतड्याच्या विकारांच्या डॉक्टरांना चांगले परिचित होते. ते तयार करणारे प्राध्यापक क्लाउदिओ दे सिमोने यांच्याशी असलेला परवाना करार 2016 च्या जानेवारीत संपला, त्यानंतर अमेरिकेत त्याच नावाखाली वेगळे मिश्रण विकले जाऊ लागले आणि प्रकरण न्यायालयात गेले. जाहिरात दिशाभूल करणारी होती असा निर्णय ज्यूरीने 2018 मध्ये दिला आणि सुमारे 1.8 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. नाव एकाचे आणि कृती दुसऱ्याची असली की भागधारकाच्या हातात नेमके काय राहते, ते यावरून कळते. आपल्या कंपनीचा स्ट्रेन चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात किंवा पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जमा आहे का, तो कोणाच्या नावाने आहे, कंपनीच्या की प्रवर्तकाच्या व्यक्तिगत नावाने, हे कागदावर पाहावे. पुस्तिकेत 'पेटंटेड जिवाणू' असे म्हटले आहे. परंतु आपल्या पेटंट कायद्यात निसर्गात जसाच्या तसा सापडलेल्या जिवाणूला पेटंट मिळत नाही, ते मिळते त्यात बदल केला असल्यास किंवा उत्पादनाच्या पद्धतीला अथवा मिश्रणाला. पेटंटचा क्रमांक मागितला की तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो, आणि पुष्कळदा तिथे नुसता अर्ज दाखल झालेला आढळतो.

दाव्यांविषयी थोडक्यात सांगतो. युरोपात आरोग्यविषयक दाव्यांची छाननी सुरू झाल्यावर प्रोबायोटिक्सचे जवळजवळ सर्व दावे नाकारले गेले. अमेरिकेत 2010 मध्ये दॅनोनसारख्या बलाढ्य कंपनीला आपल्या जाहिरातींबद्दल 39 राज्यांना 2.1 कोटी डॉलर द्यावे लागले. 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रुग्णालयात प्रोबायोटिक्स देण्याबाबत इशारा दिला. आपल्या पुस्तिकेत मधुमेह, नैराश्य आणि नवजात बालकांचे संसर्ग अशा तिन्हींवर गुण येण्याची भाषा आहे. अन्नपूरक म्हणून परवाना घेतलेल्या मालाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि एखादी नोटीस आली तर छोट्या कंपनीचा छापलेला सारा माल परत बोलवावा लागू शकतो. मला हा धोका पुस्तिकेतील कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

कोंबडीखाद्याच्या विभागाला मात्र मी कमी लेखणार नाही. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके घालण्यावर 1 जानेवारी 2006 पासून बंदी आणली, भारताने 2019 मध्ये पशुपालनात कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली, आणि प्रतिजैविकांची जागा घेऊ शकणाऱ्या मालाची गरज खरी आहे. शिवाय पोल्ट्रीवाला जाहिरातीला भुलत नाही. किलोभर वजनाला खाद्य किती लागले आणि मर किती झाली, हे तो दर बॅचला मोजतो. त्याने दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा माल मागवला असेल, तर तो पुरावाच आहे. या विभागाची अडचण उधारीची आहे. खाद्य कारखाने पैसे सावकाश देतात आणि ब्रॉयलरचा भाव कोसळला की आणखी सावकाश देतात.

इथे आपला बँकेतील अनुभव पुस्तिका लिहिणाऱ्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे. कॅश क्रेडिटच्या खात्यासाठी आपण येणे रकमांची यादी किती महिन्यांची जुनी आहे ते पाहत असाल. तीच यादी इथे मागा. कंपनी स्वतः जिवाणू वाढवते असे म्हणत असेल तर तिथे फर्मेंटर, सेंट्रिफ्यूज आणि पावडर सुकवण्याचे यंत्र असणार, आणि ती यंत्रे चालत असतील तर विजेचे बिल त्यांना साजेसे असणार. बारा महिन्यांची वीजबिले, विक्रीची जीएसटी विवरणपत्रे आणि कच्च्या मालाची खरेदी बिले शेजारी शेजारी ठेवली की, कंपनी माल बनवते की तयार पावडर आणून भरते, हे एका बैठकीत स्पष्ट होईल. भरणे हाही प्रामाणिक धंदा आहे, पण त्याचे मोल भरणावळीच्या हिशेबानेच करावे. ताळेबंद आणि वार्षिक विवरणे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून पाहता येतात. प्रवर्तकांनी दिलेल्या प्रतींशी ती ताडून पाहावीत.

आता कायद्याची बाजू. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला सर्वसाधारण लोकांकडून शेअरसाठी पैसे मागता येत नाहीत. तिला ठरावीक व्यक्तींना नाव घालून प्रस्तावपत्र द्यावे लागते, अशा व्यक्ती एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा जास्त असू शकत नाहीत, भाव नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालावर आधारलेला असावा लागतो आणि शेअर वाटपाचे विवरण कंपनी निबंधकांकडे दाखल होईपर्यंत कंपनीला ती रक्कम वापरता येत नाही. आपल्याला असे प्रस्तावपत्र मिळालेले नाही. व्हॉट्सॲपवर पुस्तिका आणि एक खाते क्रमांक आला आहे, आणि आपल्या पत्रानुसार ते खाते कंपनीचे नसून एका भागीदारी संस्थेचे आहे. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी पैसे पाठवू नका असे म्हणेन. याशिवाय अशा कंपनीचे शेअर उद्या विकायचे म्हटले तर गिऱ्हाईक कोण, याचे उत्तर आज कोणाकडेही नाही, आणि हस्तांतरणावर संचालक मंडळाची बंधनेही असतात. ग्रॅच्युइटी ही आपल्या उर्वरित आयुष्याची पुंजी आहे आणि ती इतक्या अडकून पडणाऱ्या जागी ठेवणे मला मुळीच योग्य वाटत नाही. वर सांगितलेली सारी कागदपत्रे समाधानकारक निघाली, तरी हा निर्णय बदलण्याचे कारण नाही. फार तर, पूर्ण बुडाली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच छोटी रक्कम, तीही कंपनीच्या खात्यात चेकने, देण्याचा विचार करता येईल. भाच्याला वाईट वाटेल म्हणून होकार देऊ नये. त्याला हे उत्तर वाचायला द्यावे.

प्रश्न : प्रोबायोटिक्समध्ये शेअर बाजारातून गुंतवणूक करायची तर ॲडव्हान्स्ड एन्झाइम ही ठाण्याची कंपनी योग्य ठरेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अमुक शेअर घ्यावा किंवा विकावा असा सल्ला या सदरातून दिला जात नाही, तो सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराकडून घ्यावा. ही कंपनी प्रोबायोटिक्स बनवते हे खरे असले तरी तिचा मुख्य व्यवसाय एन्झाइमचा आहे आणि तिला त्याच निकषांवर तपासले पाहिजे. तिचे शेअर 2016 च्या जुलैमध्ये प्रत्येकी 896 रुपयांना विक्रीस आले, त्या वेळी अर्जांचा पाऊस पडला होता, आणि पुढील वर्षी दहा रुपये दर्शनी मूल्याच्या शेअरचे दोन रुपयांच्या पाच शेअरमध्ये विभाजन झाले. म्हणजे मूळ भाव आजच्या शेअरमागे 180 रुपयांच्या आसपास पडतो. आजच्या भावाशी त्याची तुलना करून इतक्या वर्षांत वार्षिक परतावा किती मिळाला, तो मुदत ठेवीपेक्षा किती वेगळा आहे, हे आपणच मांडून पाहावे. जैवतंत्रज्ञानाच्या नावाने पहिल्या दिवशी दिलेली किंमत किती वर्षांनी वसूल होते, हे त्यातून नीट समजेल.

प्रश्न : अन्नपूरके आणि प्रोबायोटिक्स बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीचा आयपीओ एसएमई मंचावर (शेअर बाजाराच्या लघु-मध्यम कंपन्यांसाठीच्या विभागात) येत आहे. अर्ज करावा का? प्रस्तावाच्या मसुद्यात नेमके काय वाचावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मसुदा चार-पाचशे पानांचा असतो, पण आपल्या कामाची पाने थोडी आहेत. सर्वांत आधी मोठ्या दहा ग्राहकांकडून किती टक्के विक्री होते ते पाहावे. या धंद्यात ते प्रमाण बहुधा जास्त असते, आणि ते ग्राहक म्हणजे दुसऱ्यांच्या नावाने माल विकणाऱ्या औषध कंपन्या असतील तर त्या उद्या दुसऱ्या कारखान्याकडे सहज जाऊ शकतात. मग गोळा होणाऱ्या पैशाचे काय करणार, ते वाचावे. किण्वनाची यंत्रे आणि प्रयोगशाळा यांसाठी पैसा हवा असेल तर ती एक गोष्ट झाली; सारी रक्कम खेळत्या भांडवलात जाणार असेल तर विक्री उधारीवर फुगलेली नाही ना, हे तपासावे लागेल. आयपीओच्या आदल्या वर्षी विक्री आणि नफा एकाएकी दुप्पट-तिप्पट झाला असेल आणि त्याच वेळी येणे रकमाही तशाच वाढल्या असतील, तर मी अर्ज करणार नाही. संशोधनावर किती खर्च झाला, त्या खर्चातून कोणता स्ट्रेन उभा राहिला आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडून किंवा राज्याच्या प्रशासनाकडून काही नोटिसा आल्या आहेत का, हे धोक्यांच्या आणि खटल्यांच्या प्रकरणांत सापडेल.

सेबीने अलीकडे एसएमई मंचाचे नियम कडक केले आहेत : आधीच्या तीनपैकी दोन वर्षांत किमान एक कोटी रुपयांचा कार्यचालन नफा असावा लागतो, जुन्या भागधारकांना आपला हिस्सा विकायचा तर तो आयपीओतील एकूण शेअरविक्रीच्या वीस टक्क्यांपर्यंतच विकता येतो, आणि व्यक्तिगत गुंतवणूकदाराचा किमान अर्ज आता दोन लाख रुपयांच्या वर गेला आहे. ही किमान रक्कम मुद्दाम मोठी ठेवलेली आहे, कारण नोंदणीनंतर या शेअरची उलाढाल अनेकदा तुरळक असते, विक्रीही ठरलेल्या लॉटमध्येच करावी लागते आणि निकाल तिमाहीऐवजी सहामाही येतात. अर्ज करायचाच असेल तर मसुद्यातील उत्पादन क्षमतेच्या तक्त्यात प्रत्यक्ष वापर किती टक्के आहे ते शेवटी पाहावे. असलेल्या यंत्रांपैकी निम्मी रिकामी असताना कंपनी नव्या यंत्रांसाठी पैसे मागत असेल, तर त्याचे कारण आयपीओ हाताळणाऱ्या व्यवस्थापक बँकेला ईमेलने विचारावे आणि अर्जाची मुदत संपेपर्यंत उत्तर आले नाही तर अर्ज करू नये.